तडजोड : दान कीं खंडणी ?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, ती उच्चारणारास दुसरें प्रमाण द्यावें लागत नाहीं. जिंकला तो हरला आणि हरला तो मेला, अशी तिला लोक वर पुरवणीही जोडतात. वकिलांची फी, तारखांचे हेलपाटे, भाऊबंदांत पडणारी कायमची तेढ आणि आजोबांच्या दाव्याचा नातवाच्या हातीं येणारा निकाल, हें सर्व ज्यानें घरांत पाहिलें आहे त्यास या म्हणीची थट्टा करवणार नाहीं. देशांतील न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणें निकालाची वाट पाहत पडून आहेत. अशा स्थितींत चार शहाणीं माणसें मध्यें घालून वाद घरच्या घरीं मिटविणारा गृहस्थ आपल्याला विवेकी वाटावा, यांत आश्चर्य तें काय ?

नवलाची गोष्ट ही कीं, अलीकडे ही म्हण खुद्द कायद्यानेंच उचलली आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें लोकअदालतींना अधिष्ठान दिलें. १९९६ च्या कायद्यानें लवाद व समेट यांचे नियम नव्यानें बांधले. दिवाणी प्रक्रिया संहितेंतील ८९ वें कलम १ जुलै २००२ पासून अमलांत आलें, आणि योग्य प्रकरणांत न्यायाधीशानेंच पक्षकारांना न्यायालयाबाहेरचा मार्ग दाखवावा असें ठरलें. २०२३ सालीं तर मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच झाला. या मार्गांमध्यें भेद आहेत. लवाद म्हणजे पक्षकारांनीं आपण होऊन निवडलेला न्यायाधीश. तो निवाडा देतो व तो मानावा लागतो. मध्यस्थ निवाडा देत नाहीं; तो दोघांना समोरासमोर बसवितो, एकाचें म्हणणें दुसऱ्याला ऐकूं येईल असें करतो, आणि तोडगा त्यांच्याच तोंडून निघण्याची वाट पाहतो. लोकअदालतींत जें उभयतांच्या संमतीनें ठरेल त्यास हुकूमनाम्याचें बळ येतें, आणि त्यावर अपील चालत नाहीं.

या सर्व खटाटोपाचा व्यवहारी उपयोग उघड आहे. परंतु त्याच्या मुळाशीं नीतिशास्त्राचा एक प्रश्न आहे, आणि तो व्यवहाराच्या हिशेबानें सुटणारा नाहीं. भांडण मिटणें आणि न्याय होणें या दोन गोष्टी एकच आहेत काय ? नसतील, तर आपल्या हक्काचा कांहीं अंश सोडून शांतता पत्करणाऱ्या माणसाला आपण उदार म्हणावें कीं दुबळा म्हणावें ? हा प्रश्न मीं वर्गांत विद्यार्थ्यांपुढें अनेक वर्षें मांडला आहे. तो माझ्या स्वतःच्या घरचाही आहे, हें मला फार उशिरां समजलें. तें शेवटीं सांगेन.

तडजोडीच्या बाजूचें सर्वांत उत्तम उदाहरण मला महात्मा गांधींच्या वकिलीच्या आरंभींचें वाटतें. १८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या एका दाव्यासाठीं. प्रतिवादी तय्यब शेठ हे त्यांचे नातेवाईकच; दावा ४० हजार पौंडांचा. कागदपत्रें अभ्यासल्यावर आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे अशी गांधींची खात्री झाली. तरीही दावा असाच चालत राहिला तर दोन्हीं घरें धुळीस मिळतील, हें पाहून त्यांनीं उभयतांना लवादास राजी केलें. लवादाचा निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूनें, सुमारें ३७ हजार पौंड व खर्च असा झाला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक येथेंच थांबतात. वस्तुतः तिचा नैतिक भाग येथून पुढें सुरू होतो. एवढी रक्कम तय्यब शेठांना एकरकमी देतां येण्यासारखी नव्हती. एक पैही कमी देण्याची त्यांची इच्छा नव्हती, आणि दिवाळें निघण्यापेक्षां मरण बरें असें मानणाऱ्या समाजांतले ते व्यापारी होते. दादा अब्दुल्लांनीं हट्ट धरला असता तर कायदा त्यांच्या बाजूचा होता. गांधींनीं त्यांचें मन वळविलें, आणि रक्कम लांब मुदतीच्या हप्त्यांनीं घेण्यास त्यांनीं मान्यता दिली. लवाद मान्य करवून घेण्यापेक्षां ही सवलत मिळविणें अधिक कठीण गेलें, असें गांधींनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. दादा अब्दुल्लांनीं या ठिकाणीं जें सोडलें तें सर्वस्वीं त्यांचें होतें. तें आपलें आहे हें त्यांना निवाड्यानें कळलें होतें. आणि न सोडण्याची पूर्ण मोकळीक व ताकद त्यांच्यापाशीं होती. मागण्याचा अधिकार हातीं असतां त्यांनीं तो आवरला. अशा सोडण्याला आपल्या भाषेंत दान हा शब्द आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीं भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें मेलीं. लाखोंना कायमच्या व्याधि जडल्या. इतक्या गरीब लोकांना परदेशी कंपनीशीं वैयक्तिक दावे लढवितां येणार नाहींत, म्हणून १९८५ सालीं कायदा करून त्या सर्वांच्या वतीनें दावा चालविण्याचा अधिकार भारत सरकारनें आपल्याकडे घेतला. सरकारनें मागितलेली भरपाई ३ अब्ज डॉलरांहून अधिक होती. फेब्रुवारी १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरांवर, आणि तिच्यासरशी फौजदारी खटलेही मिटविण्यांत आले. ज्यांचीं फुप्फुसें जळलीं होतीं त्यांना विचारलें कोणीं ? १९९१ सालीं न्यायालयानें आपल्या निर्णयाचा फेरविचार करून फौजदारी खटले पुन्हा खुले केले, पण रक्कम कायम ठेवली. ती अपुरी होती असें पुढें सरकारनेंच २०१० सालीं न्यायालयाला विनविलें. ती विनंती मार्च २०२३ मध्यें फेटाळली गेली. एकदां मिटलेलें प्रकरण मिटलेलेंच राहिलें.

या दोन्ही प्रसंगांना आपण तडजोड हा एकच शब्द लावतों, यांतच सगळा घोटाळा आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे ओवेन फिस यांनीं १९८४ सालीं तडजोडीविरुद्ध म्हणून जो निबंध लिहिला, त्यांत या घोटाळ्यावर बोट ठेवलें होतें. १९७६ सालीं मिनेसोटांतील सेंट पॉल येथें झालेल्या परिषदेपासून त्या देशांत न्यायालयाबाहेरील मार्गांचा मोठा उत्साह होता. फिस त्या प्रवाहाच्या उलट पोहले. त्यांचा मुद्दा असा : पैशानें दुबळा असलेला पक्षकार तडजोड करतो ती बहुधा थांबणें परवडत नाहीं म्हणून, पुष्कळदां संमति देणारा एक आणि जिच्यावर ती लादली जाते ती व्यक्ति दुसरी असते, आणि शांतता नांदली म्हणून न्याय झाला असें होत नाहीं. फिस यांचें लेखन एकांगी आहे, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला व तो निराधार नाहीं. न्यायालयांतही पैसेवाला वरचढ ठरतोच. मार्क गॅलंटर यांनीं तें १९७४ मध्येंच सविस्तर दाखविलें होतें. तथापि फिस यांच्या टीकेनंतर तडजोडीला सरसकट सद्गुण म्हणणें विचारी माणसाला शक्य राहिलें नाहीं.

मग कोणती तडजोड चांगली व कोणती वाईट, हें ओळखावें कसें ? याचें उत्तर शोधतांना मला आपल्या जुन्या धर्मशास्त्राचें साह्य झालें. दान म्हणजे वस्तूवरील आपलें स्वत्व सोडून तें दुसऱ्याच्या ठिकाणीं उत्पन्न करणें, अशा आशयाची व्याख्या शास्त्रकार करतात. त्यावरून ओघानेंच दोन मर्यादा निघतात, आणि नारदस्मृतींत त्या वेगवेगळ्या नांवांनीं सांगितल्या आहेत. कांहीं वस्तु ‘अदेय’ असतात : दुसऱ्याची ठेव, गहाण, अनेकांची सामाईक चीज. त्या देण्याचा अधिकारच देणाऱ्याला नाहीं. आणि कांहीं देणें ‘अदत्त’ असतें : भयानें, शोकानें, क्रोधानें, फसवणुकीनें दिलेलें. हातांतून वस्तु गेली तरी धर्मदृष्ट्या ती दिलीच गेली नाहीं असें समजावयाचें. तडजोडीची परीक्षाही हीच असावी असें मला वाटतें. जें सोडलें तें सोडणाऱ्याचें होतें काय, आणि तें न सोडण्यास तो मोकळा होता काय ? दोन्ही प्रश्नांचें उत्तर होय असेल तर ती तडजोड दान. एकाचेंही नाहीं असेल तर ती खंडणी, मग तिच्यावर कितीही गोड सह्या असोत. खंडणी भरणाराही शांतता विकत घेतोच, आणि गांव लुटला गेला नाहीं म्हणून देवाचे आभारही मानतो.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे भोपाळचें पाप स्पष्ट दिसतें. पीडितांचे हक्क सरकारच्या हातीं होते ते ठेवीप्रमाणें. ठेव सांभाळणाऱ्यानें तिच्यांतून उदारपणा करणें हें कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

आपल्या अलीकडील न्यायनिर्णयांतही या दोन मर्यादा वेगळ्या भाषेंत आलेल्या दिसतील. २०१० सालच्या ॲफकॉन्स प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें न्यायालयाबाहेर पाठविण्यास योग्य व अयोग्य अशा दाव्यांच्या याद्याच दिल्या. व्यापार, करार, कौटुंबिक कलह, शेजाऱ्यांचे तंटे हे योग्य. पण ज्यांत अनेक लोकांचें हित गुंतलें आहे असे प्रातिनिधिक दावे, लबाडी व खोट्या दस्तऐवजांचे गंभीर आरोप, अज्ञान मुलांविरुद्धचे किंवा मनोदुर्बलांविरुद्धचे दावे, फौजदारी गुन्हे हे सामान्यतः अयोग्य. हा अदेयाचाच विचार झाला. त्यापूर्वीं २००८ मध्यें जलौर सिंग यांच्या प्रकरणांत न्यायालयानें बजावलें होतें कीं, लोकअदालतीला निवाडा देण्याचा अधिकार नाहीं. उभयतांची संमति असेल तर ती नोंदवावी, नसेल तर प्रकरण परत पाठवावें. अपघाताची भरपाई लोकअदालतीनें आपल्याच मतानें वाढविली होती, म्हणून तो आदेश रद्द झाला. एका दुःखी कुटुंबाचे वाढीव पैसे गेले, हें वाचून प्रथम वाईट वाटतें. पण आज भरपाई वाढविणारी लोकअदालत उद्यां ती घटवूंही शकेल, आणि तेव्हां अपील नसेल. संमतीवांचून समेट नाहीं, हें तत्त्व दुबळ्याच्याच रक्षणाचें आहे.

कोणी म्हणेल, ही सगळी पाश्चात्त्य व्यक्तिवादाची भाषा झाली. आपल्या पूर्वजांचें गांवगाड्याचें जग पंचांवर विश्वासून चाललें होतें. मराठेशाहींतील कागद पाहिले म्हणजे या म्हणण्यांत अर्धेंच सत्य आहे असें दिसतें. वतनाचा तंटा गोतसभेपुढें येई तेव्हां पंचांनीं तोंड उघडण्यापूर्वीं वादी-प्रतिवादींकडून राजीनामा लिहून घेत. आज त्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचा कागद असा झाला आहे. तेव्हां त्याचा अर्थ होता, होणारा निवाडा मान्य असल्याबद्दल राजीखुशीचा लेख. म्हणजे संमति ही आपल्याकडे परकी कल्पना नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतींचे दोष सांगूनही त्या टिकवाव्या असें सुचविलें तें उगीच नव्हे. परंतु त्या पंचांत कोण बसत नसे, हेंही विचारलें पाहिजे. गांवकुसाबाहेरचा मनुष्य तेथें बरोबरीनें बसत नसे. बाईही बसत नसे. त्यांच्या वतीनें राजी होणारे दुसरेच असत. जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठीं महाराष्ट्राला २०१६ सालीं खास कायदा करावा लागला, ही गोष्ट पंचांच्या मुखीं नेहमीं परमेश्वरच बोलतो असें समजणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

आपल्याच प्रांतांतला आणखी एक अनुभव बोलका आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, आणि शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वीं सावकारानें समेट करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन त्याचा दाखला आणावा असें ठरलें. हेतु शुद्ध होता. पण ज्याच्या घरांत पेरणीला दाणा नाहीं आणि पुढच्या वर्षीं ज्याच्याच दारीं कर्जाला जावयाचें आहे, त्या सावकाराशीं कुणबी तोलानें बोलणार कसा ? समेट करणाऱ्याच्या हातीं दुबळ्याला सबळ करण्याचें साधन नव्हतें. ती तरतूद पुढें कायद्यांतून निघाली. त्या कायद्याचा जो भाग शेतकऱ्याच्या खरा कामास आला, तो न्यायाधीशाला जुन्या हिशेबांच्या मुळाशीं जाऊन व्याज तपासण्याचा अधिकार देणारा होता. कोर्ट सबळ झालें तेव्हां कुणब्याच्या शब्दाला वजन आलें.

येथें मला मनूकिन व कॉर्नहाउसर या दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं १९७९ सालीं केलेलें निरीक्षण आठवतें. घटस्फोटाच्या प्रकरणांत नवरा-बायको न्यायालयाबाहेर बोलणीं करतात तेव्हांही तीं कायद्याच्या छायेंत बसूनच करतात, असें त्यांनीं दाखविलें. उद्यां न्यायालयांत गेल्यास आपल्याला काय मिळेल, या अंदाजावर आजची तडजोड बेततात. ही छाया जेथें दाट आहे तेथें दुबळाही ताठ बसतो. जेथें ती विरळ आहे तेथें सबळाच्या मनाप्रमाणें समेट होतो. म्हणून न्यायालयें मोडकळीस आलीं आहेत, सबब तडजोडी करा, हा युक्तिवाद उलट्या पायांचा आहे. न्यायालयें जितकीं त्वरित व स्वस्त, तितक्या तडजोडी निर्मळ. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकांत दाव्यापूर्वीं मध्यस्थी सक्तीची करण्याचा विचार होता. २०२३ च्या कायद्यांत ती ऐच्छिक ठेवली गेली, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. व्यापारी दाव्यांत मात्र, तातडीचा हुकूम मागितला नसेल तर, २०१८ पासून आधीं मध्यस्थी करणें बंधनकारक आहे. दोन पेढ्यांना एकत्र बसविण्याची सक्ती फारशी जाचक नाहीं. दोघींपाशींही उठून जाण्याचें बळ असतें.

आतां घरची गोष्ट. बारा वर्षांपूर्वीं वडील वारले. आम्ही दोघे भाऊ व एक थोरली बहीण. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीनें व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनें मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा अधिकार मिळाला, हें मला ठाऊक होतें. त्यावर मीं व्याख्यानही दिलें होतें. तेरावा झाल्यावर मामांनीं विषय काढला. आक्कानें एका शब्दानेंही हरकत घेतली नाहीं. ती एस्. टी. नें आली, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तिनें हक्कसोडपत्रावर सही केली, आम्हीं तिला पैठणी नेसविली, आणि संध्याकाळच्या गाडीनें ती परत गेली. नातेवाईकांनीं आमच्या घराचें फार कौतुक केलें : काय तें घर, वांटणींत एक शब्द वांकडा गेला नाहीं ! मलाही तें कौतुक गोड लागलें. पुढें जमीन विकली, पैसे दोघां भावांत वांटले गेले.

गेल्या वर्षीं वर्गांत दान व खंडणी हा भेद समजावून देत असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, हक्कसोडपत्र यांतलें काय ?" मीं कांहींतरी उत्तर दिलें, तें उत्तर नव्हतें हें तिलाही कळलें असावें. सुटींत आक्काकडे गेलों आणि विचारलें, "आक्का, त्या दिवशीं तुला सही नको म्हणतां आलें असतें का ?"

ती भाजी निवडीत होती. म्हणाली, "म्हणतां आलें असतें कीं. पण मग दिवाळीला कोणाच्या दारीं गेलें असतें मी ?"

तिला आम्हीं धमकी दिली नव्हती, फसविलें नव्हतें; कागद वाचूनही दाखविला होता. कायद्याच्या दृष्टीनें तिची संमति निर्दोष होती. पण माहेर तुटण्याचें भय त्या सहीखालीं होतें, आणि तें भय घालण्यासाठीं आम्हांला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. शास्त्रकारांचा ‘अदत्त’ हा शब्द मीं इतकीं वर्षें शिकविला होता. तो माझ्या बँकेच्या पुस्तकांत जमेच्या बाजूला होता.

धाकट्या भावाची समजूत घालण्यास कांहीं आठवडे लागले. मग तिच्या वाट्याची रक्कम आम्हीं दोघांनीं तिच्यापुढें नेऊन ठेवली, आणि घेतलीस तरी दिवाळी याच घरीं, हेंही सांगितलें. महिनाभर तिनें उत्तर दिलें नाहीं. नंतर एके दिवशीं कळविलें कीं अर्धी तिनें ठेवून घेतली आहे. अर्धी तिनें परत दिली. देतांना ती एवढेंच म्हणाली, "ही माझ्याकडून."

त्या दोन शब्दांत मला माझ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. बारा वर्षांपूर्वीं तिनें सर्व सोडलें होतें, आणि आम्हांला कांहींच दिलें नव्हतें. या वेळीं तिनें निम्मेंच सोडलें, पण तें दिलें. घेण्याचा मार्ग मोकळा झाल्यावांचून देण्याचा मार्ग मोकळा होत नाहीं. म्हणून शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें ज्यांस म्हणावयाचें असेल त्यांनीं तें खुशाल म्हणावें. मात्र समोरच्या माणसाला ती पायरी चढतां येते कीं नाहीं, हें त्यांनीं आधीं पाहून घ्यावें.